फिरतीची नोकरी, कडक पथ्य आणि विस्कटणारा दिनक्रम : तुम्ही कसं जमवता?

फिरतीवर | सोमवार, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी,

महिन्यातले बारा-पंधरा दिवस मी घराबाहेर असते. प्रयोगशाळांत तपासणीची यंत्रं बसवायची, ती चालू करून द्यायची, तिथल्या लोकांना शिकवायचं आणि पुढच्या गावी निघायचं, असं काम आहे. ते मला मनापासून आवडतं, त्यामुळे ‘नोकरी बदला’ हा सल्ला कृपया नको.

चार वर्षांपूर्वी सिलिअ‍ॅक आजाराचं निदान झालं. गहू, जव आणि राय या तीन धान्यांतलं ग्लुटेन पोटात गेलं की शरीर स्वतःच्याच लहान आतड्यावर हल्ला चढवतं, आणि अन्न शोषून घेणारे आतड्याचे बारीक उंचवटे झडतात. यावर औषध नाही. आयुष्यभराचं पथ्य हाच उपचार. सोबत थायरॉईडची गोळी आहे. ती उपाशीपोटी घ्यायची आणि पुढे पाऊण-एक तास पाण्याशिवाय काही घ्यायचं नाही, कॉफीसुद्धा नाही. शोषण नीट होत नसल्यामुळे लोहाची गोळीही चालू आहे, आणि ती थायरॉईडच्या गोळीपासून चार तास लांब ठेवावी लागते.

घरी हे सगळं आपोआप होतं. सहाला जाग, गोळी, पाऊण तास चालणं, मग नाश्ता. दुपारी लोह. साडेदहाला दिवे बंद. फिरतीवर पहिला दिवस व्यवस्थित जातो, दुसरा ओढूनताणून, आणि तिसऱ्या दिवसापासून घडी मोडते. गोळी नऊला, चालणं बंद, झोप एक वाजता.

गेल्या फेरीत पथ्यही मोडलं. यंत्राचं काम लांबलं, दुपारचं जेवण राहिलं, रात्री साडेनऊला एका हॉटेलात बसले. भात आणि परतलेल्या भाज्या मागवल्या. ‘यात गहू नाही ना?’ असं विचारलं, ‘नाही’ असं उत्तर आलं आणि मी खाल्लं. भाज्यांत सोया सॉस होता. बहुतेक सोया सॉस गहू घालूनच आंबवतात, हे मला पाठ आहे. एरवी मी सॉसबद्दल वेगळं विचारतेच. त्या रात्री विचारलं नाही, कारण भुकेने हात थरथरत होते. दुसऱ्या दिवशी टेबलाचा आधार घेऊन प्रशिक्षण दिलं. पुढचे दोन आठवडे अंगात त्राण नव्हतं.

तेव्हापासून हाच विचार डोक्यात आहे. पथ्य कोणतंही असो, फिरती असणाऱ्यांनी कृपया लिहा. नुसत्या सूचना नकोत, तुम्ही प्रत्यक्ष काय करता ते हवं आहे.

---

उंबरठा | सोमवार, रात्री ११:०५

चांगला विषय काढलात. मला टाइप १ मधुमेह आहे, बावीस वर्षं झाली. त्यातली सतरा फिरतीत गेली.

तुमच्या लिहिण्यातली एक गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते, आणि तुम्ही ती जवळजवळ जाता जाता लिहिली आहे. पथ्य रात्री साडेनऊला मोडलं खरं, पण त्याची सुरुवात दुपारचं जेवण राहिलं तिथे झाली. माझं प्रत्येक वेळी असंच होत आलं आहे. भुकेला माणूस दुसरा प्रश्न विचारत नाही. पहिला विचारतो, हवं ते उत्तर मिळालं की समाधान मानतो.

म्हणून मी दुपारच्या जेवणाची वेळ कामाच्या वेळापत्रकात आधीच लिहून घेतो. भेट ठरवतानाच कळवतो, ‘एक ते दीड मी उपलब्ध नसेन.’ कारण सांगत नाही. सतरा वर्षांत कुणी हरकत घेतलेली नाही. आणि संध्याकाळी कुठेही जेवायला जायचं असेल तर तासभर आधी खोलीत मूठभर दाणे किंवा एक अंडं खाऊन निघतो. अर्धपोटी माणूस शांतपणे यादी वाचू शकतो.

इन्सुलिन घेणाऱ्यांसाठी थोडं लिहून ठेवतो. ते विमानात सामानाच्या कप्प्यात कधीही टाकू नका, गोठलं की निकामी होतं. हातातल्या पिशवीत ठेवा आणि लागेल त्याच्या दुप्पट घ्या, अर्धं एका पिशवीत, अर्धं दुसरीत. न उघडलेलं २ ते ८ अंशांत ठेवायचं. वापरात असलेलं बहुतेक इन्सुलिन साधारण चार आठवडे खोलीच्या तापमानात टिकतं, पण ३० अंशांच्या वर जाऊ देऊ नका, आणि आपल्या पाकिटावरची सूचना वाचाच. हॉटेलचा छोटा फ्रीज मागच्या भिंतीशी बर्फ करतो, तिथे टेकवू नका. माझं एक पेन असंच गेलं.

साखर ७० च्या खाली गेली तर १५ ग्रॅम ग्लुकोज, १५ मिनिटं थांबायचं, पुन्हा मोजायचं. ग्लुकोजच्या गोळ्या खिशात असतात, पिशवीत नाही. पिशवी कधी कधी दुसऱ्याच्या गाडीत असते.

---

मध्यममार्ग | मंगळवार, सकाळी ७:२०

थोडं वेगळं मत मांडतो, राग मानू नये.

मी पंधरा वर्षं फिरतीत आहे. वजन आणि कोलेस्टेरॉल यासाठी पथ्य आहे. सुरुवातीला घरचं सगळं वेळापत्रक जसंच्या तसं सोबत न्यायचा हट्ट केला. परिणाम असा झाला की एक गोष्ट चुकली की सगळा दिवस वाया गेल्यासारखा वाटायचा, आणि मग उरलेल्या दिवसात मी काहीही खायचो. आता फिरतीसाठी मी दोनच गोष्टी ठरवतो. बाकीचं सोडून देतो. घरी आलो की पुन्हा सुरू.

फिरतीवर, तुम्हीसुद्धा स्वतःवर इतका ताण घेऊ नका. एखाद्या दिवशी थोडं इकडेतिकडे झालं तर शरीर सांभाळून घेतं.

---

फिरतीवर | मंगळवार, सकाळी ८:०२

मध्यममार्ग, राग अजिबात नाही, पण शेवटचं वाक्य मला तसंच राहू द्यायचं नाही. सिलिअ‍ॅक असलेलं दुसरं कुणी हे वाचेल आणि त्यावर विश्वास ठेवेल.

‘ग्लुटेनमुक्त’ म्हणवणाऱ्या पदार्थात एका किलोमागे २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लुटेन नसावं, ही कोडेक्स या आंतरराष्ट्रीय अन्नमानकाची मर्यादा आहे. पावाच्या एका चकतीत साधारण दोन ग्रॅम किंवा त्याहून जास्त ग्लुटेन असतं. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत रुग्णांना रोज फक्त ५० मिलिग्रॅम ग्लुटेन तीन महिने दिलं, तेवढ्यानेही आतड्यावर परिणाम दिसला. ५० मिलिग्रॅम म्हणजे त्या चकतीचा चाळिसावा तुकडा. काही जणांना तर बाहेरून काहीच जाणवत नाही आणि आत नुकसान चालू राहतं.

आपल्या पथ्यांची जातच वेगळी आहे. तुमचं पथ्य आठवड्याच्या सरासरीवर चालतं. माझं प्रत्येक घासावर.

पण दोनच गोष्टी ठरवायच्या, हे मला पटलं आहे. त्याबद्दल अजून लिहाल का? कोणत्या दोन आणि त्याच का?

---

मध्यममार्ग | मंगळवार, सकाळी ८:४५

दुरुस्ती मान्य. हा फरक मला माहीत नव्हता. तुमच्या बाबतीत ते वाक्य मी मागे घेतो.

माझ्या दोन गोष्टी : सकाळी वीस मिनिटं बाहेर चालणं आणि रात्रीचं जेवण साडेआठच्या आत. या दोनच, कारण बाकी सगळं यांना बांधलेलं आहे. लवकर जेवलो की लवकर झोपतो, लवकर झोपलो की सकाळी चालतो. मधला सगळा दिवस कामाचा असतो, तो माझ्या हातात नसतोच. मी उगाच पंधरा वर्षांतली पहिली पाच त्या मधल्या दिवसाशी भांडण्यात घालवली.

---

शेगडी | मंगळवार, दुपारी ३:३०

मी अठरा वर्षं हॉटेलांच्या स्वयंपाकघरात काम केलं, शेवटची सहा मुख्य आचारी म्हणून. आता सोडलं आहे. टेबलाच्या त्या बाजूने काय दिसतं ते सविस्तर लिहितो, कारण पथ्याची माणसं चुकीच्या वेळी चुकीच्या माणसाला चुकीचा प्रश्न विचारतात. त्यात त्यांचा दोष नसतो, कुणी सांगितलेलंच नसतं.

आधी वेळ. रात्री साडेआठ-नऊला स्वयंपाकघरात एकाच वेळी तीस पदार्थ चालू असतात. त्या वेळी आलेला ‘यात अमुक आहे का’ हा प्रश्न वाढपी आत जोरात ओरडून विचारतो आणि कुणीतरी मान न वळवता ‘नाही’ म्हणतं. खोटं बोलायचं म्हणून नव्हे, हात अडकलेले असतात. दुपारी तीन ते पाच ही खरी वेळ. दुपार उरकलेली असते, रात्रीची तयारी चालू असते, मुख्य आचारी हजर असतो आणि त्याला दोन मिनिटं असतात. त्या वेळी फोन करा किंवा स्वतः जा. ‘मी आज आठला जेवायला येणार आहे, मला हे चालत नाही, तुम्ही काय देऊ शकाल?’ हा प्रश्न विचारला की आचारी तुमच्या बाजूचा होतो. त्याला काहीतरी करून दाखवायचं असतं. आम्ही अशा पाहुण्यांचं नाव फळ्यावर लिहून ठेवायचो.

आता प्रश्न. ‘गहू आहे का?’ असं विचारू नका. आचाऱ्याच्या डोळ्यांसमोर गव्हाचं पीठ येतं, आणि ते नसेल तर तो प्रामाणिकपणे ‘नाही’ म्हणतो. सॉस, सूप दाट करायला घातलेला मैदा, बाटलीतला मसाला, तयार स्टॉक हे त्याच्या मनात येतच नाही. त्याऐवजी विचारा : हे दाट कशाने केलं? यात बाटलीतलं किंवा पाकिटातलं काय काय पडतं? ते पाकीट दाखवता का? या प्रश्नांना नुसत्या ‘हो’ किंवा ‘नाही’ने उत्तर देता येत नाही. सांगायला त्याला आठवावं लागतं.

पदार्थात ग्लुटेन नसलं तरी ते आजूबाजूने येतं. तळणीचं तेल हा सगळ्यात मोठा धोका. बटाट्याचे काप ज्या तेलात तळतात त्याच तेलात पिठात घोळवलेले पदार्थ तळलेले असतात. पास्ता उकळलेल्या पाण्यातच पुष्कळदा भाज्या वाफवून काढतात, वेळ वाचतो म्हणून. तव्यावर सकाळपासून पाव भाजलेला असतो. लाकडी पाट कितीही धुतला तरी मी त्यावर भरवसा ठेवणार नाही. म्हणून सांगताना असं सांगा : ‘स्वच्छ घासलेलं वेगळं भांडं, नवीन तेल, त्यातच सगळं.’ आचाऱ्याला हे कळतं, ही त्याची भाषा आहे.

बुफेबद्दल एकच सांगतो. पदार्थ सुरक्षित असतो, चमचा नसतो. लोक एका भांड्यातला चमचा दुसऱ्यात घालतात, पावाचा चुरा सगळीकडे सांडतो. उघडल्या उघडल्या पहिल्या पाच मिनिटांत जा, किंवा तुमचा भाग आधीच आतून बाजूला काढून ठेवायला सांगा. आम्ही हे आनंदाने करायचो.

आणि कमीत कमी हात लागलेला पदार्थ मागा. उकडलेली अंडी, भाजलेला बटाटा सालासकट, साधा भात, कापलेलं फळ. कंटाळवाणं आहे खरं. पण ज्या पदार्थाला चार वस्तू लागतात तिथे चारच ठिकाणी चूक होऊ शकते. ज्याला वीस लागतात तिथे तुम्ही आमच्या नशिबावर असता.

---

फिरतीवर | मंगळवार, दुपारी ४:१५

शेगडी, हा प्रतिसाद मी छापून पिशवीत ठेवणार आहे. ‘दाट कशाने केलं’ हा प्रश्न मला चार वर्षांत कुणी सांगितला नव्हता.

---

कमी_मीठ | मंगळवार, रात्री १०:१०

शेगडी यांना दुजोरा. रक्तदाबामुळे मीठ कमी करावं लागलं. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगते, म्हणजे साधारण २ ग्रॅम सोडियम. बाहेरच्या एका जेवणात ते सहज संपतं. ‘मीठ कमी घाला’ हे सूपच्या बाबतीत निरर्थक आहे, ते सकाळीच मोठ्या भांड्यात झालेलं असतं. त्याच वेळी करून मिळणाऱ्या पदार्थातच मीठ कमी होऊ शकतं. सॉस नेहमी वेगळा वाटीत मागतो आणि काट्याचं टोक बुडवून खातो. तीन-चार आठवड्यांत जिभेला सवय होते, मग इतरांचं जेवण खारट लागायला लागतं.

मी कमी सोडियमवाल्या मिठाची छोटी बाटली खिशात ठेवतो. मीठ सोडावं लागलेल्या सगळ्यांना सुचवेन.

---

घरून | बुधवार, सकाळी ६:३५

कमी_मीठ, सगळ्यांना सुचवू नका हो. त्या मिठात सोडियमचा काही भाग काढून पोटॅशियम क्लोराईड घातलेलं असतं. मूत्रपिंडाचा आजार असेल तर पोटॅशियम रक्तात साठतं आणि हृदयाचे ठोके बिघडू शकतात. रक्तदाबाची काही औषधंही पोटॅशियम वाढवतात. आधी डॉक्टरांना विचारा, मगच बाटली घ्या. माझ्या यजमानांना मूत्रपिंडाचा त्रास आहे, आणि एका भल्या सहकाऱ्याने त्यांना हेच मीठ प्रेमाने भेट दिलं होतं. बाटलीमागचं लिहिलेलं वाचलं म्हणून बचावलो.

मी स्वतः फिरतीवर नसते, फिरतीवरचा माणूस सांभाळते. घरच्या बाजूने दोन गोष्टी लिहिते.

पहिली, फोन. पूर्वी मी रात्री फोन करून ‘काय खाल्लं?’ विचारायचे. त्याचा काही उपयोग नव्हता, खाऊन झालेलं असायचं, आणि चुकलं असेल तर ते सांगायचे नाहीत. आता मी दुपारी चारला विचारते, ‘रात्रीचं काय ठरलंय?’ तेव्हा अजून काही करता येतं. आणि ते आता लपवत नाहीत, कारण विचारण्यात जाब नसतो.

दुसरी गोष्ट परतीच्या दिवसाची, तिच्याबद्दल कुणीच लिहिलं नाही. आमच्याकडे पथ्य बाहेर कमी आणि परतताना जास्त मोडायचं. शेवटची बैठक उरकलेली, मन सैल झालेलं, प्रवास लांबलेला, आणि ‘आता घरीच पोचतोय’ म्हणून वाटेत काहीही. आता निघतानाच मी परतीच्या रात्रीचं जेवण करून गोठवून ठेवते, आणि परतीच्या प्रवासासाठीचा कोरडा खाऊ वेगळ्या पिशवीत बांधून देते. त्या पिशवीवर तारीख लिहिलेली असते. ती त्या दिवसाआधी उघडायची नाही.

---

उंबरठा | बुधवार, सकाळी ७:५०

परतीच्या दिवसाचं अगदी खरं आहे. माझी साखर सगळ्यात जास्त त्याच दिवशी भरकटते. इतकी वर्षं मी थकव्याला दोष देत होतो.

---

पहाटवारा | बुधवार, रात्री ९:०५

मी झोपेच्या प्रयोगशाळेत तंत्रज्ञ आहे, माणसांची झोप रात्रभर नोंदवणं हे काम. पथ्याबद्दल मला फारसं सांगता येणार नाही, पण ‘तिसऱ्या दिवशी घडी मोडते’ हे वाचून लिहावंसं वाटलं.

अनोळखी जागी पहिल्या रात्री झोप नीट लागत नाही, हे आमच्याकडे इतकं नेहमीचं आहे की पहिल्या रात्रीची नोंद पुष्कळदा बाजूलाच ठेवतात. २०१६ साली ब्राउन विद्यापीठातल्या संशोधकांनी यामागचं एक कारण दाखवलं. नव्या जागी पहिल्या रात्री मेंदूचा एक अर्धगोल दुसऱ्यापेक्षा हलका झोपतो आणि अनोळखी आवाजाला जास्त दाद देतो. म्हणजे तो पहाऱ्यावर असतो. तुम्ही दर दोन रात्रींनी गाव बदलत असाल तर तुमची जवळजवळ प्रत्येक दुसरी रात्र ‘पहिली रात्र’ असते. तिसऱ्या दिवशी निश्चय कमी पडतो असं तुम्हाला वाटतं, प्रत्यक्षात झोपेची थकबाकी साठलेली असते. जमेल तिथे मुक्काम एकाच ठिकाणी ठेवून रोज ये-जा करा. पुन्हा त्याच गावी जाल तेव्हा तेच हॉटेल घ्या, शक्यतो तीच खोली. स्वतःच्या उशीचा अभ्रा न्या. ऐकायला किरकोळ वाटतं, पण ओळखीचा वास आणि ओळखीचा स्पर्श उपयोगी पडतो.

कॉफीबद्दल : कॅफीनचं शरीरातलं प्रमाण निम्मं व्हायला साधारण पाच तास लागतात, माणसागणिक कमीजास्त. संध्याकाळी पाचचा कप रात्री दहाला अर्धा शिल्लक असतो. फिरतीत थकवा आला की नेमका पाचलाच कप घेतला जातो.

वेळेचे पट्टे ओलांडून जाणाऱ्यांसाठी : शरीराचं घड्याळ ढोबळमानाने दिवसाला एका तासाच्या हिशेबाने जुळवून घेतं. पूर्वेकडे जाणं जास्त जड जातं, कारण माणसाचं आतलं घड्याळ चोवीस तासांपेक्षा किंचित लांब असतं आणि त्याला उशिरा झोपणं सोपं जातं, लवकर झोपणं अवघड. मुक्काम दोन-तीनच दिवसांचा असेल तर जुळवून घ्यायच्या फंदात न पडता शक्य तितकं घरच्याच वेळेवर राहिलेलं बरं.

आणि चालणं चुकलं म्हणून सवय मोडत नाही. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजच्या एका अभ्यासात रोजची एखादी कृती अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागले. कुणाला १८, तर कुणाला २५४ दिवस लागतील असा अंदाज निघाला. मधला एखादा दिवस चुकल्याने फारसा फरक पडला नाही. फिरतीवर, तुमचं पथ्य माफ करणारं नाही, पण तुमचं चालणं माफ करणारं आहे. दोन्हींना एकाच मापाने मोजू नका.

---

फिरतीवर | बुधवार, रात्री ९:५०

हे वाचून किती हलकं वाटलं ते सांगता येत नाही. चालणं चुकलं की मला पथ्य मोडल्याइतकीच अपराधी भावना यायची.

परवा निघते आहे, नऊ दिवसांसाठी. तीन गावं होती, मुक्काम एकाच ठिकाणी ठेवायची विनंती केली आणि ती मान्य झाली. थायरॉईडच्या डॉक्टरांशीही आज बोलले. सकाळची गोळी सारखी चुकते म्हटल्यावर ते म्हणाले, रात्री झोपताना घेतली तरी चालेल, फक्त शेवटच्या जेवणानंतर तीन तास गेलेले हवेत, आणि सहा-आठ आठवड्यांनी रक्त तपासू. २०१० साली यावर नेदरलँड्समध्ये चाचणी झाली आहे आणि झोपताना घेतलेल्या गोळीने रक्तातली पातळी सकाळपेक्षा थोडी सुधारलीच, असं त्यांनी सांगितलं. बाकी कुणी हे वाचून स्वतःच्या मनाने वेळ बदलू नका, विचारून बदला.

---

फिरतीवर | शनिवार, सकाळी ११:२०

परत आले. कबूल केल्याप्रमाणे वृत्तांत.

आधी मनापासून सांगते : नऊ दिवसांत एकदाही पथ्य मोडलं नाही. चार वर्षांत पहिल्यांदा.

मी तीन गोष्टी ठरवल्या होत्या. दुपारचं जेवण एकला, ठिकाण कोणतंही असो. चार वाजता रात्रीच्या जेवणाचा फोन. रात्रीचं जेवण सातला, म्हणजे दहाला गोळी आणि दिवे बंद. बाकी सगळं सोडलं होतं. चालणं नऊपैकी पाच दिवस झालं.

एकचं जेवण सगळ्यात अवघड गेलं. पहिल्या दिवशी यंत्राची जुळणी ऐन रंगात आली होती आणि मला उठवेना. उंबरठा यांचं वाक्य आठवून उठले. डब्यात सकाळी हॉटेलातून उकडून घेतलेली अंडी, सालासकट भाजलेले बटाटे, फळं आणि घरून नेलेले शेंगदाणे होते, थंड पिशवीत. शिजवलेलं अन्न खोलीच्या तापमानात दोन तासांपेक्षा जास्त ठेवायचं नाही हा नियम मी पाळते, भाताच्या बाबतीत तर जास्तच, कारण त्यातल्या एका जिवाणूचे बीजाणू शिजवूनही मरत नाहीत. म्हणून डब्यात भात नेतच नाही. माझं बघून तिसऱ्या दिवसापासून तिथली तंत्रज्ञ मंडळीही एकला जेवायला लागली. त्यातल्या एकीने सांगितलं की तिला आम्लपित्ताचा त्रास आहे आणि काम लांबलं की तीही रोज चारला जेवते.

चारच्या फोनने तर सगळंच बदललं. हॉटेलच्या आचाऱ्याने दुसऱ्या दिवशी स्वतः बाहेर येऊन विचारलं, ‘तुमच्यासाठी एक कढई वेगळी ठेवली आहे, उद्या काय खाल?’ मला बोलताच येईना. ‘दाट कशाने केलं’ हे विचारल्यावर तिथल्या सूपमध्ये मैदा असल्याचं त्याला स्वतःलाच आठवलं. माझा जुना प्रश्न विचारला असता तर ‘नाही’च आलं असतं.

जे जमलं नाही तेही लिहिते. सहाव्या दिवशी कामाची मंडळी जेवायला घेऊन गेली, साडेआठला. तीन तासांचा हिशेब चुकला. त्या रात्री साडेबाराला गजर लावून गोळी घेतली आणि झोप मोडली ती मोडलीच. आणि छोटा विजेचा कुकर नेला होता तो वापरताच आला नाही, खोलीत विजेवर शिजवायला मनाई होती. आधी विचारायला हवं होतं.

परतीच्या प्रवासाची पिशवी मात्र मी घरून यांच्याप्रमाणेच बांधली होती, तारीख घालून. गाडी चार तास उशिरा आली. स्थानकावर सगळे मिळेल ते खात होते आणि माझ्याजवळ माझं जेवण होतं.

---

घरून | शनिवार, दुपारी १२:०५

वाचून डोळे भरून आले बाई. आमच्या ह्यांना मोठ्याने वाचून दाखवलं.

---

मध्यममार्ग | शनिवार, दुपारी १:३०

अभिनंदन. तीन गोष्टी म्हणजे माझ्यापेक्षा एक जास्तच. एक विचारतो : साडेआठच्या जेवणाला नकार देता आला नसता का? मी आता सरळ सांगतो, ‘सकाळचा नाश्ता एकत्र करू.’ नाश्त्याला काम जास्त होतं आणि कुणी तासन्‌तास बसत नाही.

---

शेगडी | शनिवार, दुपारी ३:१०

नाश्त्याला सावध राहा. सकाळच्या स्वयंपाकघरात पाव, पीठ आणि तवा यांचंच राज्य असतं. फिरतीवर यांच्यासाठी दुपारचं जेवण बरं. एकची वेळ तुम्ही राखलीच आहे, त्यातच त्यांना बोलवा.

कुकरचं : विजेचं उपकरण नेताना परवानगीबरोबर व्होल्टेजही बघा. २३० व्होल्टचा कुकर १२० व्होल्टच्या देशात जेमतेम पाव शक्तीने चालतो, भात कधीच शिजत नाही. उलट नेलात तर जळतो.

---

फिरतीवर | शनिवार, दुपारी ४:००

दुपारचं जेवण! हे सुचलंच नव्हतं. पुढची फेरी सतरा तारखेला आहे, त्यांना आत्ताच तसं कळवते.

पहाटवारा, एक प्रश्न तुमच्यासाठी राहिला आहे. त्या फेरीत दोन रात्री यंत्र रात्रपाळीत तपासायचं आहे, दहा ते सहा. तेव्हा ही तीन गोष्टींची घडी उलटी करायची की ते दोन दिवस वेगळेच धरायचे?

---

पहाटवारा | शनिवार, रात्री ८:४०

दोनच रात्री असतील तर उलटी करू नका. घड्याळ वळायला लागेल तोवर पाळी संपलेली असेल. पाळीआधी दुपारी दीड तास झोपा. मुख्य जेवण सातलाच घ्या, मध्यरात्रीनंतर फक्त हलकं आणि तुमच्या डब्यातलं, कारण त्या वेळी साखर आणि जड अन्न शरीर नीट हाताळत नाही. सकाळी परतताना डोळ्यांवर गडद चष्मा, खोलीत पूर्ण अंधार, आणि दुपारी बाराच्या आत उठा म्हणजे त्या रात्रीची झोप जाणार नाही.

गोळीचं मात्र डॉक्टरांना विचारा. दहाला तुम्ही कामावर उभ्या असाल आणि पुढे डबा उघडणार असाल, तर त्या दोन दिवसांपुरती तिची वेळ त्यांनीच ठरवून दिलेली बरी.